घंटेचा दोर

माळगडच्या गणराज्याची जुनी रीत होती. युद्ध पुकारणारी घंटा अध्यक्षानं वाजवायची, पण युद्ध संपल्याची घंटा सभेनंच; तिचा दोर सभापतींच्या आसनाशेजारी लोंबायचा. लढाईच्या तिसऱ्या वर्षी अध्यक्ष रणोजीराव भर सभेत गरजले, "लढाई संपेपर्यंत सभा बंद! घंटेचा दोर माझ्या हाती द्या. वेळ आली की मीच वाजवीन."

सभापती गोदाक्का उठून उभ्या राहिल्या. त्यांचे दोन्ही लेक सीमेवर होते. तरी आवाज चढला नाही.

"घ्या की, साहेब. फक्त एवढं लिहून द्या, घंटा वाजेल त्याच दिवशी तुम्ही पद सोडाल."

"मग मी ती वाजवीन कशाला?" अध्यक्ष फाडकन बोलून गेले.

गोदाक्कांनी दोर मनगटाला गुंडाळून घेतला.

"म्हणूनच तो आमच्याकडे असतो, साहेब. आमची लेकरं तिकडं आहेत."