हिवाळा विचारणारी झाडं

फार फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या कांदळपाड्यात आवडाबाई नावाची सासू, येसू नावाची सून आणि येसूची तान्ही लेक राहायच्या. येसूचा नवरा गलबतावर गेला, तो परतलाच नव्हता. येसूचं माहेर घाटावर, जिथं हिवाळ्यात गवतावर पांढरं हिव पडतं. तिथनं तिनं आंदण म्हणून नासपतीची रोपं आणली नि खाडीकाठी लावली.

झाडं वाढली, पण फूल धरेनात. खाडीवरला हिवाळा तो कसला, नुसता कोमट. मग एका पौषात वारा पडलेला असताना झाडं करकरायला लागली. गुरं तिकडं फिरकेनात. पोरांना ताप भरला. गावचा म्होरक्या, गावकर, म्हणाला, "झाडं उपाशी आहेत. माणूस मागतायत."

आवडाबाई किंचाळली, "आंदण आणलंस का अवदसा गं?"

गावानं ठरवलं, शिमग्यापर्यंत फूल दिसलं नाही तर झाडं होळीत, आणि येसू नि तिची लेक बिनवल्ह्याच्या होडीत, ओहोटीला.

येसू बागेत गेली. तिनं एका बुंध्याला कान लावला. आतून बारीक आवाज आला, "हिवाळा आला का गं?" दुसऱ्याला लावला, तेच. अख्खी बाग विचारत होती, असं म्हणतात. माहेरच्या थंडीची वाट बघत होती बिचारी.

"बायांनो, हाच इथला हिवाळा," येसू म्हणाली.

बाग एकदम गप्प झाली. ते गप्प होणं करकरण्याहून भयंकर होतं.

भात उकडायच्या चुलीशेजारी एक कुबडं झाड होतं, ऊब खातच वाढलेलं. त्या एकट्यानं काही विचारलं नव्हतं. येसू लेकीला घेऊन रोज त्याच्याच बुंध्याशी बसायची.

शिमग्याच्या सकाळी माणसं कोयते घेऊन आली. गावकरानं पोरीला ओढलं. तोच तिच्या कपाळावर काहीतरी पांढरं पडलं. येसूला वाटलं, हिवच पडलं. बघते तर पाकळी! कुबडं झाड फुललं होतं. गावकराच्या हातनं कोयता गळाला.

तो येसूनं उचलला. "रडू नका गं," म्हणत बाकीची झाडं छाटली आणि एकेका खोडावर कुबड्याची काडी कलम करून बांधली. प्रत्येक खोडातनं हुंदका आला, असं म्हणतात.

पोरांचा ताप उतरला. पुढं बाग फुलली ती इतकी पांढरी, की दर्यावरनं दिसली. तिच्या रोखानं वाट चुकलेलं एक गलबत खाडीत शिरलं. त्यातनं येसूचा नवरा उतरला.

अजून कांदळपाड्यात परगावचं रोप आणलं, की घरची सून त्याला कान लावून सांगते, "हाच इथला हिवाळा." करकरलं, तर ते रोप आल्या वाटेनं परत जातं. आणि पहिली नासपती देवाच्याही आधी नव्या सुनेला देतात. ही रीत आवडाबाईनंच घातली. पहिलं फळ येसूच्या हातावर ठेवून ती म्हणाली होती, "खा गं. हे गाव आता तुझं."