गणंग दाणा

“म्हणजे मी काहीच करायचं नाही, असं म्हणताय का बाई?”

डॉ. मृण्मयी पालेकर तावातावाने बोलत होती. रेवदंड्याच्या घराच्या पडवीत तिच्या गुरू, निवृत्त डॉ. तारकुंडेबाई, मोड आलेले वाल सोलत होत्या. मूल न होणाऱ्या जोडप्यांवर उपचार करण्यात बाईंची हयात गेली. मृण्मयीनेही आता स्वतःचं केंद्र काढून नाव कमावलं होतं, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे.

बाईंनी पातेलं पुढे केलं. मृण्मयी बोलता बोलता सोलायला लागली.

“माझ्या त्या पेशंटचे, हेमांगीचे, दोन गर्भ रुजले नाहीत. आता गोठवून ठेवलेला शेवटचा उरलाय. म्हणून मी आधी गर्भाशयाचं अस्तर थोडं खरवडणार. मग सलाइनमधून ते चरबीचं औषध. वर स्टेरॉइड.”

“कशासाठी?”

“रुजायला मदत होते. गेल्या वर्षी एकीचं अस्तर खरवडलं, लगेच दिवस राहिले.”

“आणि ज्यांचं खरवडलं नाहीस, त्यांतल्या कुणालाच राहिले नाहीत?”

मृण्मयीने वालाचं साल जरा जास्तच जोरात ओढलं.

“ह्या उपायांच्या चाचण्या झाल्यात ना?” बाईंनी विचारलं.

“झाल्यात,” ती नाइलाजाने म्हणाली. “फायदा दिसला नाही. पण बाई, तीच मागतेय. सगळं करा म्हणते!”

बाईंनी पातेल्यातला एक दाणा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. मोड नाही, फुगलेला नाही. खड्यासारखा टणक. गणंग.

“ह्याला मोड का आला नाही?”

“पाणी गार असेल. फडकं सैल बांधलं असेल. ऊब कमी पडली असेल…”

“बाकीचे ह्याच पाण्यात होते. ह्याच फडक्यात.”

मृण्मयीने दाणा बोटांत फिरवून पाहिला.

“मग दाण्यातच काही असेल. बहुतेक वेळा गर्भातच असतं, तसं. पण ह्याचं नेमकं काय… ते मला माहीत नाही.”

“हे हेमांगीला सांगितलंस?”

“माहीत नाही म्हणून सांगू? मी?”

बाईंनी तिच्यापुढचं पातेलं उचललं आणि आपल्या मागे ठेवलं. सालंही गोळा केली. मृण्मयीला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. एवढी अवघडलेली ती परीक्षेलाही नव्हती.

“आता तिला सांग,” बाई म्हणाल्या.

मग मृण्मयीने ओठ घट्ट मिटले आणि फोन लावला.

“हेमांगीताई, ते खरवडणं, सलाइन, स्टेरॉइड… आपण नाही करायचं. त्याने फायदा होतो असा पुरावा नाही. आणि आधीचे दोन का रुजले नाहीत, ते मला नक्की माहीत नाही.”

आता ही दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार, मृण्मयीला वाटलं.

“डॉक्टर… म्हणजे मी त्या दिवशी जिना चढले, म्हणून नाही ना झालं ते?”

“नाही हो. त्याने नाही.”

“सासूबाई म्हणतात म्हणून मी… दोन वर्षं स्वतःलाच…” आणि हेमांगी रडू लागली. मृण्मयीने फोन ठेवला नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.

“तुमच्याकडेच येईन,” शेवटी हेमांगी म्हणाली.

मृण्मयीने फोन ठेवून डोळे पुसले.

“पण बाई, हाही नाही रुजला तर?”

बाईंनी पातेलं परत तिच्यापुढे सरकवलं.

“तेव्हाही तिच्याकडे रिकाम्या हातांनीच जा.”