राजाने उचललेली घागर

फार पूर्वी चंपकनगरीवर महीसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका अमात्याच्या घरी जन्म घेतला होता. भद्रक हे त्याचे नाव. वयात आल्यावर तोही राजाचा अमात्य झाला.

नगराच्या वेशीबाहेर एक बारव होती. सकाळी बायका पाण्याला येत. घागर भरायला लागे त्याच्या कितीतरी पट वेळ ती उचलायला लागे. कोणाच्या सुनेने खीर करपवली, कोणाचा नवरा रुसून गोठ्यात झोपला, सगळे तिथे कळे. भद्रक दरबारात जाताना मुद्दाम वाट वाकडी करून तिकडून जाई. त्यालाही ते ऐकायला आवडे, हे सांगून टाकलेले बरे.

एके दिवशी राजवाड्यातल्या दासीने ताजी बातमी आणली. भिंतीवर पाल दिसली आणि महाराज सिंहासनावर चढून उभे राहिले. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. ते हसू फिरत फिरत राजाच्या कानी गेले. महीसेन मनाचा वाईट नव्हता, पण त्याला ते फार लागले. त्याने हुकूम काढला की, जो समोर नाही त्याच्याविषयी बारवेवर कोणी अवाक्षर काढायचे नाही. बोलेल तिची घागर शिपाई जागच्या जागी फोडील.

मग त्याने भद्रकाला बोलावले. "ही बारव गप्प करून दाखव, प्रधानपद तुझे."

"आधी बघून येतो, महाराज," भद्रक म्हणाला.

दुसऱ्या सकाळपासून बारव गप्प झाली. बायका येत, खाली मान घालून पाणी भरत आणि निघून जात. भद्रकाला करमेना. असेच काही दिवस गेले. मग एका सकाळी त्याला पिंगला आजी पायरीवर उभी दिसली. सगळ्या नगरात तिच्याइतकी बोलकी बाई नव्हती. ती कोष्ट्यांच्या आळीकडे बघे, तोंड उघडे आणि शिपायाकडे नजर जाताच पुन्हा मिटे.

"काय झाले, आजी?"

"काही नाही, अमात्य. घागर नवीकोरी आहे माझी."

भद्रकाने ती घागर तिच्या हातून घेतली आणि स्वतःच्या कडेवर ठेवली. "आता फुटलीच तर माझी फुटेल. बोला."

मग काय, बांधच फुटला. "अहो, ती केसिनी! नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेलाय, पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. माझ्याशी भांडली होती, नाकावर राग आहे मेलीच्या, पण पाण्याला येते हो रोज. काल आली नाही, आज नाही. तिच्या घरातून धूरही निघाला नाही. आणि आम्ही सगळ्या बघतोय आणि मुक्या उभ्या आहोत!"

शिपायाने काठी उचलली. अमात्याच्या कडेवरची घागर बघून त्याने काठी हळूच खाली ठेवली.

सगळ्या कोष्ट्यांच्या आळीत केसिनीच्या घरी धावल्या. ती कळांनी तळमळत जमिनीवर पडली होती आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. कोणी चूल पेटवली, कोणी तिचे डोके मांडीवर घेतले. भद्रक दाराबाहेर घागर धरून उभा राहिला. दुपार कलायच्या आत आतून बाळाचे रडे ऐकू आले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

तो तसाच राजाकडे गेला. "महाराज, प्रधानपद मला नको. बंदी मागे घ्या." आणि त्याने घडले ते सांगितले.

राजा वरमला, तरी म्हणाला, "पण त्या मला हसतात."

"हसतात खऱ्या. पण शेजारच्या राजाचे नाव मी बारवेवर एकदाही ऐकलेले नाही. ज्याला आपला मानतात त्याच्याच गप्पा होतात, महाराज. त्या गप्पांतूनच कळते, कोण आजारी, कोण एकटे. जीभ कधी भलतीकडेही जाते, त्याला एक रीत घालून देऊ. जिने ज्याचे नाव घेतले, तिने त्याच दिवशी त्याच्या दारी भरली घागर न्यायची आणि तोंडभर बोलून यायचे. ज्याच्या डोळ्यांत बघायचे आहे, त्याच्याविषयी माणूस जपून बोलतो."

राजाने कुरकुरत होकार दिला.

दुसऱ्या संध्याकाळी राजवाड्याच्या दारी गलका झाला. राजा सज्जात येऊन बघतो तो वेशीपर्यंत बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर घागर. बंदी उठताच सगळ्या जणी राजाशिवाय दुसऱ्या कोणाविषयी बोलणार? अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. पिंगला आजीच्या हातात घागरीखेरीज मोरपिसेही होती.

"भिंतीवर लावा, महाराज. पाल फिरकत नाही. आमच्या ह्यांनाही तिचीच भीती वाटते, म्हणून लावलीत."

राजा पोट धरून हसला. इतकी माणसे आपल्या दारी आपुलकीने येतील असे त्याला कधी वाटले नव्हते. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "त्या केसिनीचे बाळ कोणावर गेले आहे?"

भद्रक नुसता घागरींकडे बघत राहिला.

आपणही समोर नसलेल्याचे नाव घेतले, हे राजाच्या ध्यानात आले. तो अंगणात उतरला, त्यातली एक भरली घागर उचलून खांद्यावर घेतली आणि कोष्ट्यांच्या आळीची वाट धरली. बायका बोलत बोलत त्याच्या मागे निघाल्या.

जेतवनात भिक्षू फार गप्पा मारतात असे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या एका वृद्ध स्थविराला तथागतांनी ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "स्थविरा, तेव्हाचा राजा महीसेन तू होतास. पिंगला आजी म्हणजे तुझ्या शेजारच्या कुटीतला तो बोलका भिक्षू, जो काल तू भिक्षेला दिसला नाहीस म्हणून तुझ्या दारी पेज घेऊन आला. केसिनीचे बाळ आज विहाराचे अंगण झाडते आहे. आणि अमात्य भद्रक मीच होतो."

स्थविर हसला आणि बोलक्या भिक्षूला शोधायला उठला. ही मैत्री पारमितेची, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या मैत्रीची कथा.