सरकारांच्या गाडीची खटखट

वैजूला वाटलं होतं, निमगडच्या स्टँडवर तिचे वडील आप्पा हार घेऊन उभे असतील आणि ती तिथल्या तिथे त्यांना आपला बेत सांगून टाकेल. जर्मनीत यंत्रांचं शिक्षण घेऊन ती परत आली होती ती त्या बेतासाठीच. राजवाड्याच्या तबेल्यात आप्पांचा कारखाना होता. तिथे गावातल्या मुलींना गाड्या दुरुस्त करायला शिकवायचं!

प्रत्यक्षात आप्पा तबेल्याच्या दारात बसून पाने-हातोड्या पोत्यात भरत होते.

"आप्पा, हे काय?"

"सरकारांनी संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलीय. या भैरूमिस्त्रीचे, म्हणजे माझे, कान गेले म्हणे!"

भांडण होतं सरकारांच्या आजोबांच्या मोटारसायकलवरून. सरकार बसले की ती खटखटायची. आप्पा बसले की गप्प! "आवाज ऐकूच आला नाही तर दुरुस्त काय करू, पोरी?" आप्पा कानाची पाळी चोळत म्हणाले. "खरंच गेले असतील गं कान."

हे मात्र वैजूला सहन झालं नाही. बॅग तिथेच टाकून ती तडक वाड्याच्या चौकात गेली. सरकार झोपाळ्यावर बसून मिशांना पीळ देत होते.

"सरकार, आवाज मी शोधते. आप्पांची जागा तेवढी काढू नका."

"शोध की! पण एक ऐकून ठेव. आमच्या आजोबांच्या गाडीत दोष नाही. आणि आमच्यात तर नाहीच नाही! दोघांपैकी कुणालाही नाव ठेवलंस, तर बापाच्या पोत्याबरोबर तुझीही बॅग उचलायची."

"मग दोष राहिला कुणाचा?"

"तेच तर तू सांगायचंस! एवढी सातासमुद्रापार शिकून आलीस ना?"

सरकारांनी स्वतः चौकात एक फेरी मारून दाखवली. खट्-खर्र! खट्-खर्र! मग काटकुळ्या आप्पांना तबेल्यातून बोलावून फेरी मारायला लावली. गाडी नुसती गुरगुरली, मांडीवरच्या मांजरासारखी.

वैजूने वाकून चेनच्या कव्हरात डोकावून पाहिलं. आतून पत्रा नव्यानं घासून चकचकीत झाला होता. तिला कळायचं ते कळलं. सरकार बसले की मागच्या स्प्रिंगा खाली जातात, चेन सैल पडते आणि कव्हरवर आपटते!

ती तोंड उघडणार, तोच कारभारी बाळोजीराव कानाशी आले.

"ताई, वजनाचं काही बोलू नका! दिवाळीत शिंप्यानं नुसतं विचारलं, 'अंगरखा थोडा सैल शिवू का?' आता तो शेजारच्या गावात शिवतो."

इकडे तिकडे पाहताना तिला ओसरीवर रचलेल्या गुळाच्या ढेपा दिसल्या.

"हा एवढा गूळ कशाचा?"

आता मात्र कारभाऱ्यांचा आवाज खणखणीत झाला. "कालच्या तुलेचा! वाढदिवसाला रयत सरकारांची गूळतुला करते. यंदा पारडं जागचं हलेना! आणखी ढेपा मागवल्या, तेव्हा कुठं जमलं!"

"दरवर्षी प्रेम वाढतंच आहे रयतेचं," सरकार अभिमानानं म्हणाले.

वैजूच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"सरकार, हा गूळ तासभर उसना मिळेल?"

"खायला?"

"फिरवायला!"

आप्पा गाडीवर बसले. मागच्या सीटवर एक ढेप बांधली. फेरी झाली, आवाज नाही. आणखी ढेपा चढल्या. तरी नाही. आप्पा आणि गूळ मिळून गेल्या वर्षीच्या तुलेइतकं वजन झालं, तरी गाडी गप्पच!

"पुरे झालं हे!" कारभारी ओरडले.

"थांबा कारभारी, यंदाचं प्रेम अजून चढायचंय!"

यंदाच्या वाढीव ढेपा चढल्या. आप्पांनी गाडी हलवली मात्र... खट्-खर्र! खट्-खर्र!

"आला! ऐकू आला!" आप्पांनी गाडी तिथेच थांबवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "वैजू, शाबूत आहेत गं माझे कान!"

सरकार झोपाळ्यावरूनच गरजले, "ते असू दे! दोष कुणाचा ते बोल!"

"गाडीचा नाही, सरकार. ती आत्ताच गपगुमान फिरली. आपलाही नाही. आपण तर गाडीवर नव्हताच, झोपाळ्यावर होता! खटखटतंय ते रयतेचं प्रेम! चेन बसवलीय जुन्या प्रेमाच्या मापानं, आणि प्रेम वाढलंय यंदा!"

कारभाऱ्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सरकारांनी ढेपांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि असे गडगडून हसले की झोपाळ्याच्या कड्या करकरल्या!

"म्हणजे तो शिंपीही खराच होता की! कारभारी, बोलवून घ्या त्याला!"

गूळ उतरवला. सरकारांना गाडीवर बसवून आप्पांनी चेन पुन्हा ताणली. सरकारांनी फेरी मारली. खट् नाही, खर्र नाही!

"मिस्त्री, पोतं रिकामं करा! आणि पोरी, तू हवं ते माग. रात्रभर विचार कर, सकाळी सांग."

सकाळी वैजू हजर झाली ती सगळं ठरवूनच.

"सरकार, आप्पांच्या हाताखाली गावातल्या मुली शिकतील. त्यासाठी अख्खा तबेला हवा."

"दिला! आणखी?"

"दर शनिवारी सकाळी तासभर आपण स्वतः हवेत."

"आम्ही? शिकवायला?"

"बसायला! मुलींना चेन ताणायला शिकवायची, तर गाडीवर दमदार वजन नको का? दर शनिवारी एवढा गूळ मी कुठून आणू?"

सरकारांचा चहा बशीतच सांडला. हसता हसता त्यांनी कसंबसं विचारलं, "शनिवारी किती वाजता येऊ?"