वेइशानांच्या वंशावळीतले नाव

एका राज्यात, दूर चीन देशी, वेइशान नावाचे घराणे नांदत होते. घराणे कसले! सम्राटसुद्धा त्यांच्या दारी पालखीतून उतरून पायी येई. एकदा त्याने युवराजासाठी त्यांची लेक शुयिन मागितली. तिचे आजोबा, कुलप्रमुख ताओलिन म्हणाले, "महाराज, आपले सिंहासन दोन पिढ्यांचे. आमच्या अठरा झाल्या. लेक मिळायची नाही."

झाले! सम्राटाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या मांत्रिकाने वेइशानांच्या वंशावळीवर फुंकर घातली, आणि तिच्यात नाव असलेला प्रत्येक जिवंत माणूस उभ्या जागी दगड झाला. लेकींची नावे तिथे लिहायची रीतच नव्हती, म्हणून शुयिन वाचली. पिंजऱ्यातला पोपटही वाचला. त्याचे नाव कोण लिहितो!

पोपट म्हणाला, "राक्षसाच्या डोंगरावरून शाई आण. नागाच्या विहिरीतून पाणी आण. त्या शाईपाण्याने वंशावळीत नवे नाव लिही. ज्याचे नाव चढेल, तोही दगड होऊ लागेल. शेवटची रेघ पुरी झाली तर सगळे सुटतील. हात थांबला, तर सगळे कायमचे गेले."

"माझे नाव लिहीन."

"तशी रीत नाही."

"रीत मोडेन. घराणे मोडू देणार नाही."

राक्षसाने विचारले, "तू कोणाची कोण?" शुयिनने अठरा पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. अकराव्या पिढीला राक्षस घोरू लागला, तिने शाई उचलली. नागाने पाण्याच्या बदल्यात तिची कमरेपर्यंतची वेणी मागितली. तिने ती कापून दिली.

तिने वंशावळ उघडली, तोच मांत्रिक दारात उभा. "पोरी, ह्यात तुझे नाव नाही. हे दगड तुझे कोण? चल, युवराज वाट पाहतो आहे."

"माझी माणसे आहेत ती," असे म्हणून तिने कुंचला टेकवला. बोटे दगड झाली, मग मनगट, मग कोपर. ती कळवळून ओरडली, पण कुंचला उचलला नाही. खांद्याच्या जोरावर तिने शेवटची रेघ ओढली.

त्यासरशी मंत्र उलटला; मांत्रिक जागीच दगड झाला, दगडांची माणसे झाली आणि शुयिनचा हातही सुटला. सम्राटाने मागणी परत घेतली, वर क्षमाही मागितली.

आजोबांनी पान डोळ्यांजवळ धरले. "अक्षर फार वाकडे आले आहे."

शुयिनने मान खाली घातली. "पुन्हा नीट लिहू का, आजोबा?"

"खबरदार!" म्हातारा गरजला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "आमच्या वंशावळीत एवढे देखणे अक्षर दुसरे नाही."