खाडीच्या वळणावरची बांग

“पण कोंबड्यासारखं ओरडायचं, हे लिहिलंय कुठे?”

वरदने तिसऱ्यांदा विचारलं. होडीने नुकतंच खाडीचं वळण पार केलं होतं. वळणावर हसनबाबांनी मान वर केली, डोळे मिटले आणि चांगली लांबलचक बांग दिली होती.

हसनबाबा फकीर. चाळीस वर्षं वाघरण आणि खारशेत या दोन गावांमध्ये होडी चालवतात.

वरद पुण्याचा. आंतरराष्ट्रीय कायद्यात पीएचडी. म्हणजे, झालेली नाही. तोंडी परीक्षेत दोनदा अडकला. दोन्ही वेळा प्रश्न एकच: दोन देशांत करार नाही, वर कोर्ट नाही, पोलीस तर नाहीच. तरी एखादा नियम ते पाळतात. का?

दोन्ही वेळा वरदने घडाघडा म्हणून दाखवलं. करार, रूढी, सर्वमान्य तत्त्वं, मग न्यायनिवाडे, मग विद्वानांची मतं.

“ही यादी झाली,” परीक्षक म्हणाले. “उगम सांगा.”

सोमवारी शेवटची संधी होती. त्याच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “पुस्तकं ठेव. हसनबाबांच्या होडीत बसून ये.”

म्हणून हा इथे.

“कुठेच नाही लिहिलेलं,” बाबा म्हणाले.

“ग्रामपंचायतीचा ठराव?”

“कुठल्या? दोन आहेत. एकमेकींशी बोलत नाहीत.”

“नाही ओरडलं तर दंड?”

“नाही.”

“मग तुम्ही ओरडलात का?”

“होडी रिकामी होती.”

वळणावर खारफुटी दाट. पलीकडचं दिसत नाही, आणि जागा एकाच होडीची. रिकामी होडी बांग देऊन थांबते. भरलेली पुढे जाते.

“रिकामी कशी? मी बसलो होतो ना!”

“माल नव्हता.”

...

“आणि सगळे पाळतात?”

“धाकू तांडेल सोडून. तो भुंकतो.”

“भुंकतो?”

“त्याला कोंबडा पसंत नाही. पहिल्या दिवसापासून भुंकतोय, म्हणून चालतं. मधेच सुरू केलं असतं तर नसतं चाललं.”

वरदचे डोळे चमकले. “सातत्याने हरकत घेणारा देश! हा आमच्या पुस्तकात आहे, बाबा!”

“असेल. त्याचे नातेवाईक बरेच आहेत.”

परतताना बाबांनी वल्ही वरदच्या हातात दिली. वळण जवळ आलं तसं त्यांनी अख्खं पान तोंडात कोंबलं.

पलीकडून वल्ह्यांचा आवाज आला. जड. सावकाश.

वरदने बाबांकडे बघितलं. बाबा चघळत होते.

किनाऱ्यावर कुणी नव्हतं. इथे त्याला कुणी ओळखतही नव्हतं. चार हात जोरात मारले असते तर होडी सुटलीही असती.

...

वरदने मान वर केली आणि बांग दिली. अर्ध्यात फाटली. मग होडी खारफुटीला टेकवून तो थांबला.

तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, पाट्यांनी काठोकाठ भरलेली होडी समोरून आली. वल्ह्यावर खारशेतच्या गोदाक्का.

“एवढा वेळ लागतो होय रे? आत्ता अंड्यातनं आलास काय?” असं म्हणून त्या निघूनही गेल्या.

बाबांनी पान थुंकलं. “का ओरडलास?”

“ओरडायला हवं होतं ना!”

“मी सांगितलं?”

“तुमच्या तोंडात पान होतं.”

“पुण्याचा शिकलेला माणूस तू. लाज नाही वाटली?”

“नसतो ओरडलो तर वाटली असती.”

...

वरदच्या हातातलं वल्हं सुटलं. बाबांनी ते शांतपणे पकडलं.

“बाबा! हेच! सगळे करतात म्हणून नाही... करायलाच हवं असं आतून वाटतं म्हणून! ते दोन्ही मिळून कायदा!”

तो होडीतच उभा राहिला, होडी डुगडुगली, तरी हसत सुटला. आणि काही कारण नसताना त्याने आणखी एक बांग दिली. ही अजिबात फाटली नाही.

खारफुटीपलीकडून कुणीतरी भुंकलं.

“धाकू,” बाबा म्हणाले. “तोही रिकामा.”

“दोन्ही रिकाम्या असल्या तर?”

“मग घाई कुणाला? गप्पा मारायच्या.”

वरदने वही काढली. “पहिली बांग कुणी दिली, बाबा? नाव सांगा. परीक्षक उगम विचारणारच.”

बाबांनी वल्हं आडवं ठेवलं.

“कोंबड्याने.”

“म्हणजे?”

“खराखुरा कोंबडा. होडी रिकामी, होडीवाला झोपलेला. समोरून भरलेली होडी आली, तसा हा ओरडला. आम्हाला वाटलं, वाट देतोय.”

वरदने लिहून घेतलं. “कुणाचा होता? वाघरणचा की खारशेतचा?”

“दोन्ही गावं म्हणत होती, आमचाच. आठ दिवस भांडण.”

“मग निवाडा काय झाला?”

“रस्सा केला. दोन्ही गावं पंगतीला होती.”