माळढोकाचं नाणं

ही गोष्ट सांगू नको, असं नाणी जमवणाऱ्या काकांनी मला बजावलंय. पण गोष्ट नाणी बोलत असत तेव्हाची आहे, म्हणून सांगते.

माळढोक पक्ष्याचं चित्र असलेल्या चांदीच्या नाण्याचं प्रकाशन माळावरच ठरलं. मांडवासाठी तिथलं गवत कापलं. त्याच गवतात अंडं घालायला आलेली माळढोकाची मादी नाण्यापाशी गेली.

“नाणेसाहेब, माझी जागा गेली. यांना सांगा ना.”

“एका अंड्याचा केवढा बाऊ,” मखमलीवरून नाणं म्हणालं. “मला बघ, गवत लागतं का?”

“आणि मी संपले तर?”

“तर माझा भाव वाढेल. पाहुणे दुसरी कसली वाट बघतायत?”

ती उडून गेली. मग अध्यक्ष म्हणाले, “हा पक्षी आता आपल्या हाती सुरक्षित आहे,” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून— थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई.